सामानापाशी बसनारी बाई जंगलात गेली

माझं नाव वच्छला. जनम पैनगंगेच्या काठचा, नदीच्या अलीकडं, आदिलाबादच्या बाजूले, आमचं खेडं आन पलीकडं महाराष्ट्र, म्हनून घरात मराठी, शाळेत तेलगू, आन बाबा जमिनीच्या कागदाच्या कामानं तहसिलीत गेले का तिथं अजून निजामाच्या काळातलं उर्दू, तर आमी पोरं तिन्ही भाषांत भांडन करायले शिकलो. बाबा कापूस आन ज्वारी पेरायचे. मी तीन बहिनींच्या पाठची, सगळ्यात लहान. अडीच-तीन वर्षांची होती म्हनते माय, तवा ताप आला, आठ दिवस अंग भाजून निघालं, नवव्या दिवशी मी उठली तं पाय उठले नाई. दोन्ही. पोलिओ हे नाव आमाले लय वर्षांनी समजलं. तवा गावात कोनी म्हने वारा लागला, कोनी काय म्हने.

पन मी बसून राहनारी नोती ताई. बाबानं टायरचे दोन तुकडे कापून दिले, ते हाताखाली धरायचे आन हातावर अंग उचलून पुढं सरकायचं, अशी मी साऱ्या गावात फिरायची, कोंबड्यांच्या मांगं धावायची म्हना ना. हात असे झाले, हे पाहा, अजून कोनी पंजा लढवायले येत नाई माह्यासंगं.

आता तुमी जंगलाचं विचारून राह्यल्या तं मले आधी हे सांगा लागते, का आमच्या घराच्या मांगून डोंगर दिसे आन डोंगरावर जंगल. सकाळी निळं, दुपारी भुरकं, पावसाळ्यात काळंहिरवं. रोज पाह्यलं. आन आत कधी गेली नाई. उन्हाळ्यात बहिनी टेंभुरनीची पिवळी फळं, टेंभरं, वेचायले जायच्या, चारोळीची चारं आनायच्या, एकदा मी लय रडली तं बाबा म्हनले घ्या तिलेबी, बैलगाडीत बसवलं मले. मी गाडीत गानं म्हनत गेली. डोंगराच्या पायथ्याशी गाडी थांबली, पुढं पायवाट, दगडं, काटे. मोठी बहीन म्हने, वच्छला, तू सामानापाशी बस, आमी आत्ता आलो. भाकरीचं गठुडं, पान्याची घागर, साऱ्यांच्या काढून ठेवलेल्या चपला आन मी. आतून त्यांचं हसनं ऐकू येई. दिवस कलला तवा आल्या, तोंडं सारी पिवळीजर्द झालेली टेंभरं खाऊन, मलेबी आनली होती ओटीभर, पन मी एक नाई खाल्लं. मी जंगलाच्या दारात दिवसभर बसली आन आत नाई गेली, हे माह्या मनातून काई जायेना.

आन मंग काय सांगू तुमाले, ते एक वाक्य जनमभर माह्या मांगं लागलं. लगन असो का जत्रा, देवदर्शन असो का दवाखाना, वच्छला, तू सामानापाशी बस. कोनी वाईट मनानं नाई म्हनत. उलट लोकाले वाटते, आपन हिची सोयच करून राह्यलो. मीबी बसायची. किती पिशव्या सांभाळल्या असतील मी!

लगनाचं सांगू का, ते मजेचं हाये. माहं लगन होईल असं कोनालेच वाटत नोतं. एक दिवस आमच्या अंगनात बकऱ्याचा व्यापारी आला आन बाबाले फसवून राह्यला, मी ओसरीवरून त्याले असं झाडलं, असं झाडलं, का तो बकरी सोडून पळाला. तिकडून आदिलाबादचा एक मानूस बी-बियानं पाहायले आल्ता, भाजीचा मळा होता त्याचा, तो हे सारं पाहून राह्यला होता. आठ दिवसांनी निरोप आला. बाबानं सांगतलं, पोरीचे पाय असे हायेत. तो म्हने, मले माहीत हाये, मी पाह्यलं, मी भाजी पिकवतो पन मले बाजारात तोंड उघडता येत नाई, लाजतो मी, मले बोलनारी बायको पायजे. असं! तं त्यायनं, म्हनजे आमच्या पोरीच्या, रेखाच्या बाबांनी, पिकवायचं आन मी आदिलाबादच्या बाजारात विकायचं, आजवर तसंच चालू हाये. वांगे, टमाटे, पालक, सांबार म्हनजे तुमची कोथिंबीर. पुढं मले हातानं फिरवायची तीनचाकी सायकल भेटली, तवापासून मी घरून बाजारात माही मी येते, कोनी ढकलायचं काम नाई.

आन भीमबाई. भीमबाई म्हनजे माही मैत्रीन, उटनूरकडच्या गावची, गोंड समाजाची. लय वर्षांमांगं पावसाळ्यात ती टोपलं घेऊन आमच्या बाजारात आली, टोपल्यात काटवल, तुमी करटुली म्हनता ती, हिरवीगार, काटेरी, अशी ताजी, आन दोघं तिघं दलाल तिच्या टोपल्यात हात घालून खेचून राह्यले. ती नुसती उभी. मी ओरडली, ये, बाजूले व्हा, ती माही बहीन हाये! तवापासून ती माही बहीनच हाये. पावसाळ्यात काटवल, बांबूचे कोवळे कोंब, वास्ते, उन्हाळ्यात चारं आन टेंभरं, थंडीच्या तोंडाशी सीताफळं, सारं जंगल ती टोपल्यात भरून आने आन मी विके. गिऱ्हाईक विचारे, बाई हे कुठल्या झाडाचं, तं मी अशी सांगे जशी काई मीच तोडून आनलं. पन खरं सांगू का, मी त्यातलं एक झाड पाह्यलं नोतं. एक बी नाई. भीमबाई म्हने, येकदा तुले नेते, वच्छला, तुले दाखवते. मी म्हनो, कशावर नेतं बाई, हरनावर बसवून?

तं यंदा होळीच्या आधी, सकाळची गर्दी होती, आन भीमबाई टोपलं न घेता आली. रिकाम्या हातानं. दुरूनच ओरडून राह्यली, वच्छला, वाट झाली, वाट झाली! मले वाटलं हिच्या घरी काई झालं. तिचा पोरगा लच्चू तिकडं उटनूरच्या पुढं राखीव जंगलाच्या गेटावर पहारेकरी हाये, चाळिशीचा मानूस, त्यानं तिले सांगतलं का आत एक वाट बनवली, सपाट, मुरूम दाबून, दोन्ही बाजूले लाकडी कठडा, म्हाताऱ्या लोकांसाठी आन जे चालू शकत नाई त्यायच्यासाठी, आन गेटावर चाकाची खुर्चीबी ठेवली हाये. कोनी त्याले नॅशनल पार्क म्हनते, कोनी अभयारन्य म्हनते, आमी आपले जंगल म्हनतो. मी पालकाची जुडी हातात धरून तशीच बसली. समोर गिऱ्हाईक उभं, बाई पालक द्या, बाई पालक द्या. मले ऐकूच येईना.

घरी सांगतलं तं रेखाचे बाबा म्हनले, जा ना, मी नाई येत, वांग्याले पानी द्याचं हाये. त्या मानसाले वांग्याच्या पुढं दुनिया नाई. रेखा म्हनजे आमची पोरगी, नर्स हाये दवाखान्यात, ती आधी म्हने, आई, एवढ्या दूर, तुले त्रास होईल, तिथं संडासाची सोय असन का नसन. मी म्हनलं, तू येतं का मी भीमबाईसंगं जाऊ? मंग आली. रविवारची सुट्टी घेतली, गाडी ठरवली.

आदल्या दिवशी मी मेथीची जुडी बांधता बांधता हसून राह्यली होती, बाजूची नारळवाली म्हने, काय झालं हिले. पहाटे उठून भाकरी थापल्या, ठेचा केला, वांग्याची भाजी केली. नवं लुगडं नेसली. रेखा म्हने, आई, जंगलात कोन पाहनार हाये? मी म्हनलं, जंगल पाहनार हाये.

गाडी इंद्रवेल्लीच्या पुढं गेली तशी वळनं सुरू झाली, आन पळस! अहो ताई, पळस असा फुललेला, पान एक नाई झाडावर, नुसता लालभडक, रस्त्याच्या दोन्ही बाजूनं. मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं, रेखा मांगून पदर ओढून राह्यली, आई आत घे, आई आत घे. उटनूरले भीमबाई गाडीत चढली, तिनंबी नवी साडी घातलेली. दोघी एकमेकीकडं पाहून खी खी हसलो.

गेटावर लच्चू. खाकी कपड्यात, लाजून राह्यला, मले तो अम्मा म्हनते. खुर्ची फडक्यानं पुसून आनली त्यानं. मी गाडीतून हातावर खुर्चीत गेली. तो मांगून ढकलायले लागला तं मी म्हनलं, लच्चू, हात सोड. मले चाकं फिरवता येतात, तीस वर्षांपासून तेच करते मी. त्यानं सोडलं. आन मी आत गेली.

कशी सांगू. आधी वास आला. वाळलेल्या पानाचा आन मंधातच काईतरी गोड, आंबूस. सागाची पानं सारी गळून पडलेली, परातीएवढी, वारा आला का ती अशी वाजत जात होती जशी कोनी पापडाची चळत ओतून राह्यलं. वर उघडी झाडं, त्यातून ऊन खाली. वानराचं एक खानदान बसलं होतं फांदीवर, शेपट्या खाली सोडून, आमच्याकडं पाहून राह्यले. मी ओरडली, रेखा, ते पाह्य! लच्चू धावत आला, मेल्लगा अम्मा, मेल्लगा, हळू बोला, जनावर पळते. मी म्हनलं, अरे मी बाजारात बसते बाबा, मले हळू बोलता येत नाई. तरी मी तोंडावर पदर धरला. पदरातून बोले.

वाट अशी गुळगुळीत, चाक कुठं अडकत नाई, उतार आला तिथं वळन देऊन उतार कमी केलेला. ज्यानं केली त्यानं डोकं लावून केली. मी जोरात निघाली, रेखा मांगं राह्यली, आई थांब, आई थांब, आन मी पुढं! जनमात पहिल्यांदा असं झालं ताई, का लोक मांगं आन मी पुढं.

एका वळनावर भीमबाई म्हने, थांब. हे पाह्य, वर पाह्य. मी पाह्यलं तं झाड एवढं मोठं, एवढं मोठं का दोन मानसाच्या कवेत मावनार नाई. म्हने, हा मोह. मी म्हनलं, चल, खोटं नको बोलू. ताई, मोहाची फुलं मी किती वर्षं पाहून राह्यली, वाळलेली, मनुक्यावानी, मले वाटायचं असन एखादं बोरीएवढं झुडूप. आन हे! खाली सारी जमीन पिवळसर पांढरी झालेली, रसरशीत फुलं पडलेली, तोच तो गोड वास. मी म्हनलं, मले खाली उतराचं हाये. लच्चू म्हने, अम्मा, इथून काई नेता येत नाई, नियम हाये. मी म्हनलं, नेत नाई रे, भेटते. उतरली, हातावर सरकत झाडापाशी गेली, सालीले हात लावला. थंडगार होती. मले कायतरी म्हनायचं होतं त्या झाडाले, पन आठवेचना काय. मंग टेंभुरनी दाखवली भीमबाईनं, काळी साल, चौकोन चौकोन पडलेली. ज्याची टेंभरं मी लहानपनी नाई खाल्ली ते हे झाड. मी त्याच्याकडं लय वेळ पाह्यलं, आन मनात म्हनलं, तुह्यावर काऊन रागावली होती मी, तुनं काय केलं होतं.

आन मंग वाट संपली, तिथं मचान होतं. पानवठ्याच्या काठावर लाकडी मचान, वरून पानी दिसते, जनावर पानी प्यायले येते ते दिसते. आन मचानाले तीन पायऱ्या.

लच्चूचं तोंड उतरलं. म्हने, अम्मा, हे मचान जुनं हाये, वाट नंतर झाली, इथं खुर्ची वर न्यायचा चढ अजून करायचा राह्यला, मले सांगायचं ध्यानात नाई राह्यलं. वर एक हैदराबादकडचं कुटुंब उभं होतं, कॅमेरे घेऊन. रेखानं डब्याची पिशवी, पान्याची बाटली माह्या मांडीवर ठेवली आन सहज म्हने, पाहा, सहज म्हने ती, आई, तू सामानापाशी बस, मी दोन मिनिटात व्हिडिओ काढून आनते, मोबाइलवर सारं दिसन तुले.

ताई, काय सांगू. मी साठीले आली. माही पोरगी, जिले मी मांडीवर घेऊन भाजी विकली, तिच्या तोंडून तेच वाक्य. तिची चूक नोती, तिले काय माहीत. पन मी पिशवी उचलली आन खाली ठेवली. म्हनलं, सामान इथं एकटं बसन. मी वर चालली.

रेखा म्हने, आई, लुगडं खराब होईल. म्हने, लोक पाहून राह्यले. म्हने, थांब, मी आन लच्चू उचलून नेतो. मी म्हनलं, कोनी हात नाई लावायचा. खुर्चीतून उतरली, पायऱ्यांकडं पाठ केली, हात मांगं टेकवले आन अंग उचललं. पहिली पायरी. पोरगी धावली तं भीमबाईनं तिचा हात धरला, म्हने, थांब, तिचं तिले करू दे. दुसरी पायरी. वय झालं ना, हातात पैल्यासारखा जोर राह्यला नाई. तिसरी उंच होती. एकदा उचललं, नाई जमलं, खाली आली, तळहातात लाकडाचं कुसळ गेलं. मले वाटलं, झालं. मंग लहानपनीसारखा श्वास धरला आन जोर लावला, असा जोर का तोंडातून आवाज निघाला, आन मी वर! ते कॅमेरेवाले लोक बाजूले सरकले, त्यायनं मले कठड्यापाशी जागा दिली. त्यातली एक म्हातारी होती, तिनं हात जोडले. तिची भाषा तेलगू, ती मलेबी येते, पन हात जोडल्याले कुठली भाषा लागते.

आन पाहते तं काय, पानवठ्यावर कोनीच नाई. एक बगळा. मी लय हसली. ते लोक अर्धा घंटा थांबले आन गेले, लेकरं कंटाळली त्यायची. रेखा म्हने, आई, जायचं का? मी म्हनलं, पोरी, दिवसभर एका जागी बसायचं काम मी आयुष्यभर केलं, मले कोनी हरवू शकत नाई त्यात. मी कठड्याच्या खालच्या फटीतून पाहत बसली, माहे डोळे बरोबर फटीसमोर, उभ्या मानसाले वाकून पाहा लागे आन मले आपोआप दिसे.

ऊन वर आलं. मंग पलीकडच्या बांबूत कट्कन आवाज झाला. लच्चूनं बोट वर केलं. आन बांबू बाजूले झाला आन त्यातून निघाला रानगवा. अहो, मले वाटलं डोंगरच चालून राह्यला! काळाभोर, तेल लावल्यासारखा चमकून राह्यला, खांदा असा उंच, शिंगं अशी वळलेली, आन चारी पाय गुडघ्यापासून खाली पांढरे, जसे शाळेतल्या पोरायनं मोजे घातले. त्याच्या मांगं दोन गाई, आन एक वासरू, तांबूस, नवंच, अजून पाय वाकडेतिकडे पडून राह्यले त्याचे. ते पान्यापर्यंत आलं, पाय घसरला, बसलं मटकन चिखलात, मंग उठलं. मी तोंडात पदर कोंबला. मोठा गवा पानी प्याला, त्याचा श्वास ऐकू आला मले, इथपर्यंत, भात्यावानी. मले त्याची भीती नाई वाटली. मले वाटलं, मी हाये इथं. बस. मी इथं हाये आन तोबी इथं हाये.

रेखा कवा माह्या बाजूले खाली बसली समजलं नाई. खांद्यावर डोकं टेकलं तिनं, डोळ्यात पानी, हळूच म्हने, आई, मी तुले तसं म्हनायले नोतं पायजे. मी म्हनलं, चूप, गवा पानी पिऊन राह्यला.

मंग गेटापाशी एका मोहाच्या सावलीत डबा खाल्ला, लच्चूनं दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या, रेखानं सुईनं कुसळ काढलं. तिथं एक वही होती, येनाऱ्यानं काई लिवायचं असते, मी सांगतलं आन रेखानं लिवलं: वाट लय चांगली केली. त्या तीन पायऱ्यांचं तेवढं पाहा. आमचे गुडघे, आमचे पाय गेलेले असले तरी आमी जंगल पाहायले आलो, खाली बसायले नाई. लच्चूनं वाचलं आन म्हने, अम्मा, हे मी साहेबाले दाखवतो.

घरी आली तं रेखाचे बाबा वांग्यातच उभे. सारं सांगतलं त्यायले, गवा कसा, खांदा कसा, मोजे कसे. सारं ऐकून घेतलं आन म्हनले, आपल्या बैलाहून मोठा? मी म्हनलं, तुमच्या बैलाले खिशात घालन तो. मंग ते पुन्हा वांग्यात वाकले, पन रात्री जेवताना परत विचारलं, आन ते वासरू उठलं ना?

बाजारात आठ दिवस मी दुसरं काई बोललीच नाई. लोक भाजी घ्यायले कमी आन गवा ऐकायले जास्त. आन परवा, परवाचीच गोष्ट, लच्चूचा फोन आला. अम्मा, पायऱ्यांच्या बाजूनं चढ बनवून राह्यले, लाकूड आलं, मिस्त्री आला, साहेब म्हनते त्या बाईले बोलवा, तिनं खुर्ची चढवून पाहू दे, चढ जमते का नाई ती सांगन. मले! माहं मत विचारून राह्यले ताई, चढ उंच झाला का बरा झाला ते. तं येत्या रविवारी जायचं हाये. नारळवाली येते म्हने, तिचे गुडघे गेले. आन रेखाचे बाबा म्हनले, वांग्याले शनिवारी पानी देऊन ठेवतो.

आता देवानं हातात एवढा जोर अजून काई वर्षं ठेवावा, दुसरं मागनं नाई माहं. आन ज्यायनं ती वाट केली, मुरूम टाकला, कठडा ठोकला, त्यायचं नाव मले माहीत नाई, पन त्यायच्या पायात कधी काटा न मोडो. तुमीबी जा ताई. सकाळी लवकर जा. आन हळू बोला तिथं, माह्यासारखं नको.